नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा: वडी पडत का नाही आणि चिवट का होते

प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच नव्याच्या सणाचं, म्हणजे रोश हाशाना या ज्यू नववर्षाचं, जेवण पुण्यात प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या घरी व्हायचं आहे. सासर-माहेरची मिळून पंधरा माणसं येणार आहेत. आजी करायची तसा चिकाचा, म्हणजे भिजवलेल्या गव्हातून काढलेल्या सत्त्वाचा, हलवा करायचा आहे आणि दोन वेळा करून पाहिला तो जमला नाही. पहिल्यांदा वड्याच पडल्या नाहीत, थाळीत नुसता मऊ गोळा राहिला. दुसऱ्यांदा वड्या पडल्या, पण चिवट, दाताला चिकटणाऱ्या. चिक घरी काढायचा की विकतचा, सासूबाई तूप नको म्हणतात ते घातलं तर काय बिघडतं, चायना ग्रासने काम सोपं होईल का, आणि हलवा किती आधी करून ठेवता येतो, हेही तिने विचारलं आहे.

बाळ, तुझ्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. तू दोन्ही वेळा साखरेचं प्रमाण बदलून पाहिलंस असं लिहिलं आहेस. साखरेचा यात काही दोष नाही. पहिल्या हलव्यात पाणी राहून गेलं होतं. दुसऱ्यात चिक नीट काढलेला नव्हता, गव्हाचा चिकटा त्यात उतरला होता. साखर, वेलची, सुका मेवा, अगदी नारळसुद्धा थोडा कमीजास्त झाला तरी हा हलवा सांभाळून घेतो. चिक आणि आच या दोन गोष्टींत मात्र तो काहीही चालवून घेत नाही. मी ठाण्यात सणाच्या दिवसांत या हलव्याच्या ऑर्डरी घेते, आणि ज्यांचा हलवा बिघडला म्हणून मला बोलावलं जातं त्यांच्या घरी मी आधी चिकाचा डबा उघडायला लावते, मग बाकीचं विचारते.

तुपाचं आधी सांगते, कारण त्यावर सगळं बेतलेलं आहे. सासूबाई नको म्हणाल्या ते बरोबरच आहे. आपल्या पंगतीत मटण असणार. कश्रुतप्रमाणे, म्हणजे खाण्यापिण्याच्या ज्यू धर्मनियमांप्रमाणे, मांस आणि दूध एका जेवणात येत नाहीत, आणि तूप हे दुधाचंच. मटणानंतर तुपातली वडी पानात वाढता येणार नाही. नारळ झाडाचा, तो दुधातही मोडत नाही आणि मांसातही नाही. म्हणून आपल्या हलव्याला नारळाचं दूध. नवगाव, किहीम, रेवदंडा, पेण, रोहा या सगळ्या कोकणपट्टीत बेने इस्रायल, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंची, घरं पिढ्यान् पिढ्या राहिली, आडनावं त्या गावांवरून पडली, आणि परसात किंवा शेजारच्या वाडीत नारळ होताच. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध, भातात नारळाचं दूध आणि गोडातही तेच. तुपातला चिकाचा हलवा इतर मराठी घरांतही करतात आणि चांगला लागतो, पण तो वेगळा पदार्थ आहे. आपल्या हलव्यात जो ओलसर, नितळ मऊपणा येतो तो नारळाच्या दुधातल्या तेलामुळे.

यातच भांड्याची गोष्ट आली. ज्या पातेल्यात रोज दूध तापतं ते हलव्याला घेऊ नकोस. मटणाचं भांडं चालेल, पण मसाल्याचा वास धरून बसलेलं नको. हलव्यासाठी एक जाड बुडाची पसरट लंगडी वेगळी ठेवता आली तर फार चांगलं. थाळीलाही तूप लावायचं नाही. वर सुटलेलं नारळाचं तेलच बोटाने फिरवायचं, नाहीतर चमचाभर खोबरेल.

आता चिक. घरी काढ, असंच मी सांगेन, निदान पहिल्या वर्षी तरी. एकदा हाताने काढला की विकतचा घेताना काय बघायचं ते कळतं.

पाऊण किलो चांगला भरदार लोकवन गहू निवडून, धुवून तीन दिवस भिजत घाल. पाणी रोज बदलायचं. सप्टेंबरातल्या उकाड्यात दिवसातून दोनदा बदललेलं बरं. इथे कुरडईच्या सवयीने गडबड होते. कुरडईचा गहू थोडा आंबूस झाला तरी चालतो, किंबहुना अनेकींना तो तसाच हवा असतो. हलव्याचा गहू आंबता कामा नये, कारण तो वास साखरेत आणि नारळात लपत नाही, उलट वर येतो. तिसऱ्या दिवशी दाणा दोन बोटांत दाबला की पांढरं दूध बाहेर यावं आणि साल हातात राहावी. तसं झालं की गहू तयार. नाही झालं तर आणखी अर्धा दिवस.

मग भरपूर पाणी घालून मिक्सरमध्ये वाटायचं, आणि इथेच तुझा दुसरा हलवा बिघडला असणार. मिक्सर सलग चालवू नये. थोडा थोडा, थांबत थांबत फिरवायचा. गव्हात पिठूळ भाग असतो तसा चिकट भागही असतो, ज्याच्यामुळे कणकेला ताण येतो. खूप वेळ वाटलं की तो चिकट भाग बारीक होऊन गाळणीतून चिकाबरोबर खाली जातो. आपल्याला नुसता पिठूळ भाग हवा आहे. वाटलेलं आधी चाळणीतून गाळ, चोथ्यात पुन्हा पाणी घालून एकदा फिरव, पुन्हा गाळ. त्यानंतर सगळं पाणी स्वच्छ मलमलच्या दुहेरी कपड्यातून गाळायचं, आणि कपडा शेवटी जोर लावून पिळायचा नाही. पिळला की चोथ्यातला चिकटा कपड्यातून बाहेर येतोच. चार चमचे चिक कमी मिळाला तरी चालेल, पण कपडा पिळायचा नाही.

गाळलेलं पाणी उंच भांड्यात रात्रभर न हलवता ठेव. सकाळी तीन थर दिसतील. वर पिवळसर पाणी, खाली घट्ट पांढरा चिक आणि दोघांच्या मध्ये राखाडी, बुळबुळीत पातळ साय. पाणी ओतून टाकताना बहुतेकजणी ती साय तशीच राहू देतात. ती चमच्याने अलगद काढून टाकायची. काढल्यावर भांड्यात पुन्हा स्वच्छ पाणी घाल, चिक ढवळ, तीन-चार तास निवळू दे, पाणी ओत. हे दोनदा झालं की चिक अगदी शुभ्र होतो आणि वासही राहत नाही. अशा चिकाचा हलवा आरपार दिसतो. राखाडी थर राहिलेल्या चिकाचा हलवा गढूळ आणि चिवट होतो, मग वरून कितीही रंग घाल.

पाऊण किलो गव्हातून सुका धरला तर २५० ग्रॅमच्या आसपास चिक निघतो. ओला तसाच वापरायचा असेल तर वजन फसवं होतं, कारण त्यात किती पाणी आहे ते सांगता येत नाही. म्हणून मी चिक वाळवून ठेवते. पण वाळवायचा कधी, याचा विचार करावा लागतो. नव्याचा सण पावसाच्या शेवटाला येतो, तेव्हा ऊन भरवशाचं नसतं. एप्रिलच्या उन्हात शेजारणी कुरडया घालतात तेव्हा चिकही करून ठेवावा असं वाटतं, पण मध्ये पेसाह, आपला बिनआंबवलेल्या भाकरीचा सण, असतो. पाण्यात भिजलेला गहू म्हणजे हामेत्स, आंबलेलं धान्य, आणि पेसाहात तो घरात ठेवता येत नाही. म्हणून पेसाह संपला की लगेच, मे महिन्याच्या उन्हात, हे काम करायचं. ताटात पातळ पसरून दोन-तीन दिवसांत चिक खडखडीत वाळतो. हाताने चुरून, चाळून बरणीत भरला की सणापर्यंत काही होत नाही. यंदा उन्हाळा हातचा गेला असेल तर चिक ओलाच वापर. मात्र वरचं पाणी पूर्ण ओतून, भांडं तासभर तिरकं ठेवून राहिलेलं पाणीही काढ आणि मग चारशे ग्रॅमच्या आसपास घे.

विकतचा घ्यायचाच असला तर वाण्याकडे गव्हाचं सत्त्व म्हणून मिळतं. ढेकळं असलेलं घे, पीठ केलेलं नको. ढेकूळ बोटात चुरताना करकर असा आवाज यावा, रंग पांढराशुभ्र असावा आणि जिभेवर ठेवलं तर आंबट लागू नये. आणल्यावर तोही एकदा पाण्यात निवळून घ्यायला हरकत नाही.

पंधरा माणसांना प्रमाण असं धर: सुका चिक २५० ग्रॅम, साखर ६०० ग्रॅम, तीन मोठे नारळ. एवढ्यात साधारण दीड किलोच्या आतबाहेर हलवा होतो, छोट्या चाळीस-पन्नास वड्या. पंगतीत वाढून, दोन-चार शेजाऱ्यांच्या ताटल्या जातील एवढा. माहेर-सासर दोन्हीकडे डबे द्यायचे असतील तर प्रमाण दुप्पट न करता दोनदा कर. घरच्या गॅसवर दुप्पट माल हलवताना हात थकतो आणि थकलेल्या हाताचा हलवा हमखास कच्चा राहतो.

नारळ ताजे आणि जून हवेत, पाणी हलताना वाजणारे. खवणीवर खवताना काळी पाठ येऊ देऊ नकोस, त्याने दुधाला करडी छटा येते. पहिलं दूध अगदी कमी कोमट पाण्यात काढून बाजूला ठेव, तीन नारळांचं मिळून अर्धा लिटर होईल. मग त्याच चोथ्यातून दुसरं आणि तिसरं दूध मिळून एक लिटर. पहिलं आणि नंतरचं एकत्र करायचं नाही, दोन्हींची कामं वेगळी आहेत.

आमच्या आईच्या पिढीत चिक, साखर, सगळं दूध एकदमच मोठ्या टोपात कालवून चुलीवर चढवत. वीस-पंचवीस नारळांचा हलवा असायचा, घरातले पुरुषही आळीपाळीने हलवायला बसत, दोन-तीन तास चालायचं. त्या रीतीत चूक काही नाही. पण आपल्या तीन नारळांच्या हलव्याला, गॅसच्या आचेवर, मी टप्प्याटप्प्याने घालते, कारण साखर आधीच पडली की ती पाणी स्वतःकडे ओढून ठेवते आणि चिकाच्या कणाला फुलायला वेळ लागतो. बायका दाटपणा पाहून उतरवतात आणि चिक आतून कच्चाच असतो.

चिक एक लिटर पातळ दुधात थंडच कालव, गाळून घे म्हणजे गुठळी राहणार नाही. चिमूटभर मीठ आत्ताच घाल. मीठ विसरू नकोस, त्याशिवाय नारळाची चव सपक राहते. लंगडी मध्यम आचेवर ठेव आणि पहिल्या क्षणापासून हलव. पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं आणि तेव्हाच चिक तळाला बसून लागतो. लाकडी कलथा तळाला टेकवूनच फिरला पाहिजे, मधून कडेला, कडेहून मध्ये. मग एकदम, अगदी पाहता पाहता, सगळं घट्ट होतं. इथे घाबरून पाणी घालायचं नाही. आच थोडी कमी करून हलवत राहायचं. पांढरा, अपारदर्शक गोळा हळूहळू काचेसारखा व्हायला लागतो. पांढरेपणा पूर्ण जाईपर्यंत साखरेला हात लावू नकोस. चिक शिजायला हवा तो याच टप्प्यात, याला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

साखर घातली की सगळं पुन्हा पातळ होतं. आता बिघडलं असं वाटेल, पण बिघडलेलं नसतं. साखर विरघळून पाणी सुटतं, ते आटवायचं. मध्यम आच, सतत हात. खायचा गुलाबी रंग याच वेळी, पाण्यात कालवून, थेंबाथेंबाने. आपल्याकडे हा हलवा गुलाबी करायची रीत जुनी आहे, पण रंग इतकाच की वडीतून बदामाचा काप दिसावा. केशर घालणारी घरंही आहेत. पुन्हा दाट झालं की पहिलं, घट्ट दूध तीन भागांत घाल. एक भाग मुरला की दुसरा. हे शेवटी घालायचं कारण त्याचा ताजा वास टिकतो आणि चिक आधीच शिजलेला असल्याने ते फाटत नाही, चिक त्याला धरून ठेवतो.

यानंतरचा अर्धा-पाऊण तास खरा कसोटीचा. तू पहिल्या वेळी घट्ट झाला म्हणून चाळीस मिनिटांत उतरवलास असं लिहिलं आहेस. एवढ्या मालाला चढवल्यापासून उतरवेपर्यंत सव्वा ते दीड तास लागतोच. पण घड्याळ बघू नकोस, हलवा काय करतो ते बघ. आधी तो कलथ्याला चिकटून वर येतो आणि तुटून पडतो. मग तळ सोडायला लागतो, कलथा फिरवल्यावर मागे बुडाचा रस्ता दिसतो आणि लगेच बुजत नाही. त्यानंतर कडेला तेलाचे थेंब दिसतात. हे नारळाचं स्वतःचं तेल. शेवटी पूर्ण गोळा एकजीव होऊन कलथ्याबरोबर फिरतो, भांड्याला कुठेच धरत नाही, आणि बुडबुडे फुटताना फट् असा जाड आवाज येतो. एक चमचा गार ताटलीवर टाक, दोन मिनिटांनी बोट लाव. बोटाला लागला तर अजून पाच मिनिटं. बोट कोरडं निघालं आणि दाबलेला खड्डा सावकाश वर आला तर बस्स. त्यापुढे आटवत राहिलीस तर साखर कणी धरते आणि वडी गार झाल्यावर कडक होते, तेही टाळायचं.

वेलची आणि जायफळ उतरवताना. जायफळ अगदी जरा, किसून. बेदाणे असतील तर तेही आत्ताच. थाळी तेल लावून ठेवलेलीच असावी, कारण हलवा उतरवल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो. ओतून, वाटीच्या बुडाला तेल लावून सारखा कर, बदाम-पिस्त्याचे काप आणि चारोळी वरून पसरून अलगद दाब. मेवा आत मिसळला तर सुरी अडते आणि वडीची कड फाटते. इंचभर जाडी पुरे. चार-पाच तास, खरं तर रात्रभर, तसाच राहू दे. गरम असताना फ्रिजमध्ये ठेवू नकोस, वर पाणी जमतं. कापताना सुरीला तेल, आणि शंकरपाळीच्या आकाराच्या लहान वड्या. हा पदार्थ मोठ्या तुकड्यात छान लागत नाही.

तरीही मऊ राहिला तर घाबरू नकोस. पुन्हा लंगडीत काढ, दोन-तीन चमचे पाणी शिंपड म्हणजे तळाला धरणार नाही, मंद आचेवर मोकळा होऊ दे आणि मग नीट आटव. वरून कोरडा चिक किंवा कॉर्नफ्लॉवर भुरभुरवून घट्ट करायला मात्र जाऊ नकोस, ते कच्चं राहतं आणि घशाला पिठाळ लागतं. फ्रिजमध्ये राहून कडक झालेला हलवा वाफेवर दोन मिनिटं धरला की पुन्हा मऊ होतो. गव्हाच्या चिकट्यामुळे चिवट झालेला मात्र सुधारत नाही. तो पातळ चिरून घरच्यांनी खावा आणि पंगतीसाठी नवा चिक घ्यावा. तळाला लागल्याचा वास आला तर खरवडायचं नाही. आच बंद करून वरचा हलवा दुसऱ्या भांड्यात काढायचा आणि पुढे चालू ठेवायचं.

चायना ग्रासचं विचारलंस. बरीच घरं आता तसाच करतात, मुंबईतही आणि इस्रायलमध्येही, आणि मी त्याला नाव ठेवत नाही. दिवसभर नोकरी करून आलेल्या बाईला रात्री अर्ध्या तासात नारळाच्या दुधाची वडी लावता आली तर सणाचं गोड घरचं होतं, हे महत्त्वाचं आहे. चायना ग्रास समुद्री शेवाळाचं, त्यामुळे कश्रुतचा प्रश्न येत नाही. जिलेटिन मात्र घेऊ नकोस, ते जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं. दीड लिटरला २० ग्रॅमच्या आसपास चायना ग्रास भिजवून, आधी नुसत्या पाण्यात पूर्ण विरघळवून, गाळून, मग साखर आणि नारळाचं दूध घालायचं, आणि दूध पडल्यावर खळखळ उकळू द्यायचं नाही, कारण इथे त्याला धरायला चिक नाही. पण ती वडी जिभेवर तुटते, चिकाची वडी जिभेवर विरते. आजीच्या हातची चव शोधते आहेस ना, ती चायना ग्रासमध्ये मिळणार नाही, म्हणून तुला मी चिकच करायला सांगते आहे. वेळ अगदीच नसेल तर निम्मा चिक आणि थोडं चायना ग्रास असा मधला मार्गही अनेकजणी घेतात. त्यात वडी लवकर लागते.

इस्रायलमधल्या लोद, रामला, दिमोना, अश्दोद अशा गावांतल्या आपल्या नातेवाइकांना गव्हाचा चिक सहज मिळत नाही, ते कॉर्नफ्लॉवरवर करतात. तुझी नणंद तिकडे आहे म्हणून सांगते: कॉर्नफ्लॉवर २५० ऐवजी २०० ग्रॅम घ्यायचं, नाहीतर वडी घट्ट बसते. नारळाचं दूध डब्यातलं असेल तर ४०० मिलिलिटरचे दोन डबे आणि पाऊण लिटर पाणी. एक डबा पाण्यात मिसळून पातळ दूध म्हणून आणि दुसरा तसाच शेवटी. डब्यावरचा मजकूर वाचून साखर न घातलेलं घ्यायला सांग.

राहिला प्रश्न किती आधी करायचा. पंचांग समोर ठेव. तिश्री या ज्यू महिन्याचा पहिला दिवस अमावास्येला लागून येतो, म्हणून आपला नव्याचा सण कधी भाद्रपदाच्या सुरुवातीला पडतो, कधी आश्विनाच्या. २०२५ साली सण २२ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागला आणि त्याच दिवशी घटस्थापना होती. २०२६ साली तो ११ सप्टेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी लागतो, आणि १४ तारखेला गणेश चतुर्थी. म्हणजे त्या आठवड्यात सगळ्या मंडईत मोदकांसाठी नारळ उचलले जात असणार. नारळ आठ दिवस आधीच घेऊन ठेव, शेंडीसकट, वाजवून.

शिवाय पहिला दिवस शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, आहे. एरवी सणाच्या दिवशी आधीपासून पेटत असलेल्या आचेवर स्वयंपाक करता येतो, शब्बाथला तेही नाही. म्हणून हलवा गुरुवारी संध्याकाळी कर, रात्रभर थाळीत राहू दे, शुक्रवारी सकाळी काप. गहू घरी भिजवणार असशील तर आधीच्या शनिवारी रात्री, शब्बाथ संपल्यावर भिजत घाल. मंगळवारी वाटप, बुधवारी निवळणं, गुरुवारी दुपारपर्यंत ओला चिक हाती. नारळाच्या दुधाचा पदार्थ या हवेत बाहेर दीड-दोन दिवसांपेक्षा जास्त राहत नाही, फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. वाढायच्या तासभर आधी बाहेर काढ. फ्रिजमधल्या गार वडीला ना वास असतो ना मऊपणा.

पानात त्याची जागा शेवटी, पण टेबलावर तो सुरुवातीपासून मांडलेला असू दे. आमच्याकडे काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दुश, म्हणजे सणाची आशीर्वादाची प्रार्थना, होतो, मग सफरचंद आणि मध, खजूर, डाळिंब, भोपळा, हे सगळं आपापल्या आशीर्वादाबरोबर तोंडात पडतं, आणि त्यानंतर हिरव्या मसाल्याचं मटण, नारळीभात. एवढं सगळं झाल्यावर माणूस एकच वडी घेतो आणि मग गप्पा मारता मारता तीन घेतो. पंधरा माणसांना पन्नास वड्या मी त्या हिशेबाने सांगितल्या. मधुमेहाची माणसं असतील त्यांच्यासाठी साखर कमी केलेला वेगळा हलवा करायच्या फंदात पडू नकोस, साखर ४५० ग्रॅमच्या खाली गेली की हलवा लवकर खराब होतो आणि वडीची चमकही जाते. त्यांच्यासाठी वडी अर्धी काप.

शेजाऱ्यांच्या ताटल्या मात्र शुक्रवारी दुपारीच पोचव. शब्बाथला हातात काही घेऊन घराबाहेर पडायचं नाही, आणि रविवारी सणाचा दुसरा दिवस सिनेगॉगमध्ये जाईल. सोमवारी त्यांच्याकडे गणपती बसणार, त्या घरांत रविवारी कोणाला उसंत नसेल. हलवा देताना सांग की यात तूप-दूध नाही, नुसता गहू आणि नारळ आहे. चतुर्थीच्या सुमारास हरतालिकेचा उपास असतो, त्या घरी गव्हाचा पदार्थ शुक्रवारीच गेलेला बरा.